रिटायर झालेल्या कामकरी जनावरांच्या सँक्चुरीला सुट्टीत कसं जायचं: ठरवण्यापासून परत येईपर्यंत

ज्या गाढवाने वर्षानुवर्षं विटा वाहिल्या, ज्या घोड्याने गाडी ओढली, ज्या हत्तिणीच्या पाठीवर रोज सकाळी हौदा चढवला गेला, ते जनावर थकल्यावर कुठे जातं हा प्रश्न सुट्टीच्या मूडमधे सहसा कोणाला पडत नाही. पण आता बरेच जण ट्रिपमधला एखादा दिवस अशा जनावरांच्या सँक्चुरीसाठी, म्हणजे त्यांना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या जागेसाठी, राखून ठेवायला लागलेत आणि मला ही गोष्ट मनापासून आवडते. फक्त जायच्या आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, ते जनावर रिटायर झालंय, त्याने त्याच्या वाट्याचं काम करून झालंय, आपण तिथे गेल्यामुळे त्याला पाहुण्यांची करमणूक करायची नवी नोकरी लागता कामा नये. बुकिंग कुठे करायचं, कधी जायचं, हात लावायचा का नाही, पैसे किती द्यायचे, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी याच एका गोष्टीवरून काढते आणि बहुतेक वेळा ती बरोबर निघतात.

आधी जागेचा प्रकार ओळखा

सगळ्या सँक्चुरी सारख्या नसतात, आणि बाहेरच्या माणसाला किती आत येऊ द्यायचं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, त्यामुळे तिकिटं काढायच्या आधी हे बघून घ्या.

काही ठिकाणी सरळ चालत जाता येतं. इंग्लंडमधे डेव्हन परगण्यात सिडमथजवळ डाँकी सँक्चुरी आहे, एलिझाबेथ स्वेंडसन यांनी १९६९ साली सुरू केलेली, तिथे कुंपणाच्या कडेने वाटा आहेत, लोक लांबून किंवा जवळून गाढवं बघत फिरतात, आणि ज्या गाढवाला माणसं नको असतील ते कुरणात लांब जाऊन उभं राहतं. गाढवं, घोडे, बैल अशा माणसाळलेल्या जनावरांच्या बाबतीत ही पद्धत चालून जाते.

दुसरा प्रकार म्हणजे आधी बुकिंग करून, ठरलेल्या वेळी, त्यांच्या माणसाबरोबरच फिरायचं. मथुरेजवळ वाइल्डलाइफ एसओएस या प्राण्यांना सोडवणाऱ्या संस्थेचं हत्तींचं केंद्र २०१० पासून चालू आहे, २०१८ मधे तिथेच हत्तींसाठी खास हॉस्पिटलही झालं, तिथे भीक मागायला, लग्नाच्या वरातीत, सर्कशीत वापरलेले हत्ती आहेत. थायलंडमधे चियांग माईजवळचं एलिफंट नेचर पार्कही असंच आधी बुक करून जायचं. थायलंडची गोष्ट माहीत असलेली बरी, १९८९ साली तिथल्या सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली आणि ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका फटक्यात बेकार झाले, मग त्यातले कितीतरी हत्ती पर्यटनात आले, सवारी आणि खेळ करायला. म्हणजे पहिल्या कामातून सुटले ते थेट दुसऱ्या कामात. आज तिथे गल्लोगल्ली जी हत्तींची केंद्रं दिसतात त्याचं मूळ इथे आहे.

तिसरा प्रकार लोकांना पटत नाही पण मला सगळ्यात जास्त आदर त्याच प्रकाराबद्दल वाटतो, आत यायला मनाईच. अमेरिकेत टेनेसी राज्यात होहेनवॉल्डला १९९५ साली सुरू झालेली एलिफंट सँक्चुरी आहे, सर्कशीतून आणि झू मधून आलेल्या हत्तींसाठी. तिथे हत्तींच्या जागेत पर्यटकांना प्रवेश नाही. गावात एक माहिती केंद्र आहे ते बघता येतं, आणि हत्ती बघायचे तर कुरणात लावलेल्या कॅमेऱ्यांवरून ऑनलाइन, घरबसल्या. ज्यांनी आयुष्यभर गर्दीसमोर उभं राहून काम केलं त्यांच्यासमोर परत गर्दी नको, एवढा साधा विचार आहे. तुमच्या वाटेवर अशी जागा असेल तर "बंद आहे" म्हणून चिडू नका, माहिती केंद्रात तासभर घालवा, तिथे शिकायला खूप मिळतं.

चौथा प्रकार कामकरी जनावरांसाठीच काम करणाऱ्या संस्थांचा, त्यांचा मुख्य धंदा दवाखाना आणि गावोगाव फिरणं, आणि थकलेल्या जनावरांसाठी एक छोटी जागा. सांगली भागात अॅनिमल राहत २००३ पासून बैलांसाठी काम करते, म्हाताऱ्या बैलांना सांभाळते. अशा ठिकाणी टुरिस्ट म्हणून अचानक टपकायचं नाही, आधी फोन किंवा मेल करून विचारायचं, त्यांना जमत असेल तर जायचं.

खरी सँक्चुरी की नुसती पाटी

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण "रेस्क्यू", "सँक्चुरी", "रिटायरमेंट होम" असे शब्द पाटीवर लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. बऱ्याच ठिकाणी कालपर्यंत सवारी देणारा कॅम्प आज नाव बदलून सँक्चुरी होतो, हत्ती तेच, साखळ्या त्याच, फक्त हौदा उतरवला आणि आंघोळीचं पॅकेज सुरू केलं. २०१७ साली वर्ल्ड अॅनिमल प्रोटेक्शन या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने आशियातल्या पर्यटनातल्या जवळपास ३००० हत्तींच्या पाहणीचा अहवाल काढला, त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त हत्ती वाईट अवस्थेत सापडले.

माझी पहिली चाळणी अशी, जागा तुम्हाला जितकं जास्त करू देते तितका संशय जास्त घ्यायचा. सवारी, चित्र काढणारा हत्ती, सोंडेत हार धरून फोटो, घोड्यावर "फक्त एक राउंड", असं काही असेल तर विषयच संपला. आंघोळ घालणं हे लोकांना निरागस वाटतं पण विचार करा ना, हत्तीला आंघोळ करायला माणूस लागत नाही, तो स्वतः चिखल आणि माती अंगावर घेतो आणि ती माती त्याला ऊन आणि किड्यांपासून वाचवते, तीच आपण दिवसातून चार बॅचमधे घासून काढतो, आणि हत्तीने तेवढा वेळ हलायचं नाही म्हणून कोणीतरी त्याला धाकात ठेवलेलं असतं. जानेवारी २०२५ मधे थायलंडमधे असंच हत्तीला आंघोळ घालताना एका तरुण पर्यटक मुलीचा जीव गेला. एलिफंट नेचर पार्कमधे पूर्वी पाहुणे हत्तींना आंघोळ घालायचे, नंतर त्यांनी ते थांबवलं. एखादी जागा स्वतःहून असं काही बंद करते, लोकप्रिय गोष्ट आणि त्यातून येणारा पैसा सोडून देते, तेव्हा माझा विश्वास वाढतो.

दुसरी चाळणी पिल्लांची. रिटायर झालेल्या जनावरांच्या जागी सारखी नवी पिल्लं का जन्माला येतायत? पोटुशी असताना सोडवून आणलेली मादी असेल तर एखादं पिल्लू समजू शकतं, पण दरवर्षी बारसं आणि त्याच्या पोस्टी असतील तर तो धंदा आहे.

ग्लोबल फेडरेशन ऑफ अॅनिमल सँक्चुरीज नावाची एक संस्था २००७ पासून सँक्चुरी तपासून मान्यता देते, त्यांच्या वेबसाइटवर यादी आहे, ती आधी बघा. यादीत नाव असलं तर चांगलंच, पण नसलं म्हणजे जागा खोटीच असं नाही, कारण छोट्या संस्थांकडे त्या कागदपत्रांसाठी माणूसच नसतो. तेव्हा काय करायचं, तर सरळ मेल लिहायचा. मी साधारण हे विचारते: जनावरं तुमच्याकडे कुठून आणि कशी येतात, विकत घेता का? तुमच्याकडे प्रजनन होऊ देता का? पाहुण्यांना जनावराला हात लावता येतो का, कोणत्या आणि का? जनावर दिवसातले किती तास मोकळं असतं आणि रात्री कुठे असतं? डॉक्टर कितीदा येतो? एखादं जनावर अजिबात बाहेर यायला तयार नसेल तर त्या दिवशी टूरचं काय करता?

शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. चांगल्या जागेचं उत्तर येतं की मग तुम्हाला ते जनावर दिसणार नाही, सॉरी. ज्यांचा धंदा आहे त्यांचं उत्तर येतं की काळजी करू नका, गॅरंटीने दिसेल, सोबत पॅकेजचे रेट. विकत घेण्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे, कारण थकलेलं जनावर चांगल्या भावाला विकलं गेलं की तो मालक त्याच पैशात तरुण जनावर आणून कामाला जुंपतो, आणि चक्र चालूच राहतं. अर्थात काही संस्था नाइलाजाने विकत घेतात, तेव्हा त्या बदल्यात मालकाकडून लिहून घेतात किंवा त्याला दुसरं काम मिळवून देतात, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं तर मला चालतं.

रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले सोडून द्या, दोन आणि तीन स्टारवाले वाचा. "हत्ती खूप लांब होते", "घोड्याजवळ जाऊ दिलं नाही", "नुसतं चालवलं आणि माहिती सांगत बसले", अशा तक्रारी असतील तर जागा बहुतेक उत्तम आहे, लगेच बुक करा.

आणि अजून एक, सकाळी कड्यावरच्या पायऱ्या गाढवावर बसून चढायच्या आणि दुपारी गाढवांच्या सँक्चुरीत जाऊन हळहळायचं, असं एकाच ट्रिपमधे करू नका. ग्रीसमधे सॅन्टोरिनीच्या गाढवांवरून इतका आरडाओरडा झाला की २०१८ मधे तिथल्या सरकारला नियम काढावा लागला, गाढवावर १०० किलोपेक्षा किंवा त्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त ओझं नाही. सँक्चुरीतली जनावरं अशाच पायऱ्यांवरून आलेली असतात.

दिवस आणि वेळ

म्हाताऱ्या जनावरांचा दिवस ठरलेला असतो आणि तो मोडला की त्यांना त्रास होतो, म्हणून तुमचं वेळापत्रक त्यांच्या मागे लावा. बुक करताना विचारा की जनावरं सकाळी किती वाजता बाहेर सोडता, औषधपाणी कधी, विश्रांती कधी. सहसा सकाळचा पहिला स्लॉट चांगला, हवा थंड असते आणि जनावरं चरत असतात. उन्हाळ्याच्या दुपारी जाऊ नका, सगळे सावलीत डोळे मिटून उभे असतात आणि त्यांना तसंच राहू द्यायचं असतं.

पावसाळा किंवा पुराचा काळ असेल तर आदल्या दिवशी खात्री करून घ्या, ऑक्टोबर २०२४ मधे चियांग माईला पूर आला तेव्हा एलिफंट नेचर पार्कमधल्या शंभराहून जास्त हत्तींना उंचावर हलवावं लागलं आणि दोन हत्ती वाहून गेले. अशा वेळी "आम्ही पैसे भरलेत" म्हणून वाद घालायचा नसतो. म्हणूनच ही भेट ट्रिपच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका, एखादा दिवस पुढेमागे करता येईल अशी मधे कुठेतरी ठेवा.

आणि अख्खा अर्धा दिवस मोकळा ठेवा. "जाता जाता बघून येऊ" म्हणून गेलेला माणूस गाडीतून उतरतो, फोटो काढतो, परत बसतो, त्याला काहीच कळत नाही. म्हातारं जनावर फार कमी हालचाल करतं, त्याची हालचाल दिसायला आपल्यालाच बसून राहावं लागतं.

निघायच्या आधी

बंद बूट, पूर्ण पॅन्ट, टोपी, पाणी. उग्र परफ्यूम नको. फडफडणारी ओढणी, छत्री, चुरचुर वाजणारं जॅकेट नको, जनावरं बिचकतात. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं. पाळीव कुत्रा बरोबर असेल तर त्याला न्यायचं का हे आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी नेता येत नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट रोगराईची, आणि ती कोणी सांगत नाही. त्याच ट्रिपमधे तुम्ही दुसऱ्या तबेल्यात, गोठ्यात, जनावरांच्या बाजारात गेला असाल तर तेच बूट घालून इथे येऊ नका, घासून धुवा, शक्य असेल तर वेगळे घाला. लाळ्या खुरकूतसारखा रोग बुटांना लागलेल्या चिखलातूनही पसरतो आणि घोड्यांचे श्वासाचे आजार माणसाच्या हातांवरून आणि कपड्यांवरून एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जातात. हत्तींच्या बाबतीत तर माणसाचा टीबी हत्तीला होतो. त्यामुळे खोकला, ताप असेल तर सरळ फोन करून तारीख बदला. गेटवर पाय बुडवायला औषधाच्या पाण्याचा ट्रे ठेवलेला असेल तर त्याला वळसा घालून जाऊ नका, बूट भिजले तर भिजू द्या.

आत गेल्यावर

पहिली दहा-पंधरा मिनिटं मोबाइल खिशात ठेवा आणि नुसतं उभं राहून बघा. आयुष्यभराचं काम जनावराच्या अंगावर लिहिलेलं असतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे. घोड्याच्या पाठीवर, जिथे खोगीर बसतं तिथे, बाकी अंग तपकिरी असूनही पांढऱ्या केसांचे ठिपके किंवा पट्टे दिसतील, न बसणाऱ्या खोगिराने जिथे जखमा झाल्या तिथे केस परत उगवताना पांढरे उगवतात. बैलाच्या मानेवर जू ठेवायच्या जागी कातडं जाड आणि टणक झालेलं असतं, नाकात वेसणीचं भोक असतं. पाठीवर वर्षानुवर्षं माणसं वाहिलेल्या हत्तीच्या कण्याची ठेवण बदललेली दिसते, कानांच्या कडा फाटलेल्या, डोक्यावर अंकुशाचे जुने व्रण, आणि डांबरी रस्त्यावर आणि सिमेंटवर उभं राहून तळवे आणि नखं खराब झालेली, जी बरी करायला रोज पाय औषधात बुडवून ठेवावे लागतात. बरोबरच्या माणसाला विचारा, हा व्रण कशाचा? बहुतेक वेळा ते भरभरून सांगतात.

म्हाताऱ्या घोड्याला खाताना बघायला मिळालं तर नीट बघा. तो गवताचा घास तोंडात घेतो, बराच वेळ डावीउजवीकडे चावतो, आणि मग अर्धवट चावलेला ओलसर गोळा खाली टाकून देतो. लोकांना वाटतं त्याला चारा आवडला नाही. खरं म्हणजे त्याच्या दाढा झिजून सपाट झाल्यात, गवत दळलंच जात नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळा भिजवून लगदा केलेला खुराक असतो आणि तो संपवायला त्याला तरुण घोड्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. सांभाळणारा माणूस तेवढा वेळ बाजूला उभा राहतो, नाहीतर बाकीचे घोडे येऊन फस्त करतात. हे बघताना कळतं की अशी जागा चालवायला एवढी माणसं का लागतात.

आता प्रत्येक जनावराशी कसं वागायचं ते.

घोड्याला बरोबर मागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही, त्यात म्हातारपणी नजर आणि ऐकणं कमी झालेलं असतं, म्हणून खांद्याच्या बाजूने, हळू बोलत जायचं आणि परवानगी असेल तरच मान किंवा खांद्यावर हात ठेवायचा, तोंडावर थोपटायचं नाही. कान मागे चिकटवले, शेपूट झटकली, तोंड फिरवलं की मागे व्हा. एक मागचा पाय टेकवून ढिला सोडून उभा असेल तर तो आराम करतोय, पण पुढचा पाय पुढे काढून त्यावरचा भार टाळत असेल तर दुखत असण्याची शक्यता असते, तेव्हा तिथल्या माणसाला सांगा, तुम्ही सांगितलेलं त्यांना आवडेल.

गाढव वेगळं असतं आणि लोक त्याला छोटा घोडा समजतात. गाढव दुखणं दाखवत नाही, घाबरलं तरी पळायच्या ऐवजी जागच्या जागी थिजतं, म्हणून "बघ किती शांत आहे, काहीच करत नाही" म्हणून त्याच्या गळ्यात पडू नका. त्याला निघून जायला वाट मोकळी आहे का बघा आणि त्याने स्वतः येईपर्यंत थांबा. गाढवं जोडीने राहतात, एकमेकांपासून दोन पावलांवर, आणि ही जोडी मोडली की राहिलेलं गाढव खाणं सोडू शकतं. गाढवाने खाणं सोडणं फार धोक्याचं, शरीरातली चरबी रक्तात उतरते आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणूनच एकाला दवाखान्यात नेताना दुसऱ्यालाही बरोबर नेतात, आणि एक मेलं तर दुसऱ्याला काही वेळ त्याच्याजवळ राहू देतात. फोटो काढायला म्हणून दोघांच्या मधे घुसू नका.

बैल आणि म्हशींच्या मागे उभं राहायचं नाही, शिंगांच्या टप्प्यात वाकायचं नाही. रवंथ करत बसलेल्या बैलाला उठवायचं नाही, गुडघे दुखणाऱ्या बैलाला परत बसायला किती कष्ट पडतात ते एकदा बघितलं की परत कोणी उठवणार नाही. उंटांच्या बाबतीत तोंड आणि पाय दोन्ही जपून. पोलीस किंवा लष्करातले रिटायर कुत्रे असतील तर आधी हाताळणाऱ्याशी बोला, त्याच्याकडे दुर्लक्ष करून सरळ कुत्र्याच्या डोळ्यात बघत पुढे जाऊ नका.

हत्ती लांबूनच. एखादा हत्ती एकाच जागी डोलताना दिसेल, डोकं आणि पुढचे पाय एका लयीत इकडून तिकडे, आणि लोक म्हणतात बघ कसा नाचतोय. ते साखळीत घालवलेल्या वर्षांचं लक्षण आहे, आणि सोडवून आणल्यावरही ही सवय काही हत्तींमधे राहते, कधी खाण्याच्या वेळेच्या आधी, कधी आवाज झाला की. त्यामुळे डोलणारा हत्ती दिसला म्हणून लगेच त्या जागेला नावं ठेवू नका, विचारा की हा कधी आला आणि तेव्हापासून डोलणं कमी झालंय का. तसंच एखाद्या जनावराच्या पायात साखळी दिसली तरी आधी विचारा, ड्रेसिंगच्या वेळी काही मिनिटं बांधणं वेगळं आणि दिवसभर दावणीला ठेवणं वेगळं.

खायला घालू नका, खरंच नका

पाटी असो वा नसो. गाढवाचं शरीर सुक्या, कमी कसाच्या चाऱ्यावर जगायला बनलेलं आहे, त्याला पाव, बिस्किटं, गोड काही दिलं की वजन वाढतं आणि खुरांच्या आत सूज येऊन ते लंगडतं. दाढा नसलेल्या घोड्याच्या घशात गाजराचा तुकडा अडकू शकतो. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं चुकीचं काही परत बाहेर येत नाही. आणि तुम्ही एकटेच नसता, तुमच्या आधी सकाळपासून कितीतरी लोकांनी एकेक तुकडा दिलेला असू शकतो. भेट द्यायचीच असेल तर आधी विचारून त्यांच्या कोठारात जमा करा. सँक्चुरीच्या माणसाने स्वतः हातात दिलं तरच, तळहात सपाट ठेवून, अंगठा आत न मुडपता.

मुलं बरोबर असतील तर

मुलांना नेणं मला फार महत्त्वाचं वाटतं, पण गाडीतच सांगून ठेवा की आपण त्यांच्या घरी चाललोय, त्यांना वाटलं तर ते भेटतील. नाहीतर मूल तिथे पोचून "मला बसायचंय" म्हणून रडतं आणि आईबाप तिथल्या माणसांच्या मागे लागतात. मुलांना एखादं काम द्या, एकच जनावर निवडून त्याचं वर्षभर आठवेल इतकं निरीक्षण करायचं, कान किती वेळा हलले, कोणाजवळ उभं राहिलं, काय खाल्लं. आणि मृत्यूबद्दल विचारलं तर टाळू नका. म्हाताऱ्या जनावरांची जागा आहे, तिथे जनावरं मरतात, काही वेळा फार हाल होऊ नयेत म्हणून डॉक्टर त्यांना इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ देतात. गाइडला विचारायला सांगा, मुलांना खरं सांगितलेलं झेपतं.

सांभाळणाऱ्यांशी बोला

बरेच लोक जनावरं बघून परत येतात आणि माणसं बघायची राहून जातात. माहूत, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, शेणगोठा करणारे, यांच्यापैकी काहींनी हीच जनावरं कामाला असतानाही सांभाळलेली असतात. ते मोकळे आहेत का बघून, त्यांची वेळ सांभाळून विचारा की हे आलं तेव्हा कसं होतं, कोणाची हाक ओळखतं, कोणत्या पायाला हात लावू देत नाही. आणि जुन्या मालकांना शिव्या घालायच्या आधी ऐकून घ्या. ज्याचं पोट एका गाढवावर चालतं तो माणूसही बहुतेक गरीबच असतो, त्याच्याकडे थकलेल्या जनावराला बसवून खायला घालायची ऐपत नसते. कैरोमधे डोरोथी ब्रूक या ब्रिटिश बाईंनी १९३४ साली घोड्यांचं हॉस्पिटल काढलं, पहिल्या महायुद्धात वापरून नंतर तिथेच विकून टाकलेले ब्रिटिश लष्कराचे घोडे म्हातारपणीही गाड्या ओढताना बघून. ते घोडे रस्त्यावर आणले होते एका मोठ्या सरकारने, आणि दोष मात्र शेवटच्या गरीब गाडीवाल्याच्या माथी यायचा.

पैसे

प्रवेश फुकट असेल तरी काहीतरी द्या, आणि शक्यतो "कुठल्याही कामाला वापरा" म्हणून द्या. लोकांना गोंडस पिल्लाच्या ऑपरेशनला पैसे द्यायला आवडतं, पण खर्च खरा होतो तो वैरण, खुरं साळणं, दात कानशीने घासणं, पगार आणि वीजबिल यावर. हिशोब करून बघा, गाढव चांगल्या देखभालीत तीस वर्षांच्या पुढे सहज जगतं, काही चाळिशीही गाठतात, म्हणजे पंधराव्या वर्षी आलेलं गाढव पुढची पंधरा-वीस वर्षं सांभाळायचंय. हत्ती साठीच्या पुढे जगू शकतो आणि दिवसाला शंभर किलोच्या वर खातो. त्यामुळे एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला छोटी रक्कम त्यांना जास्त उपयोगी पडते. दत्तक योजना असेल तर विचारून घ्या की पैसे फक्त त्याच जनावराला जातात का सगळ्यांना, आणि ते जनावर गेलं तर पुढे काय होतं. वार्षिक अहवाल आणि जमाखर्च मागितला तर चांगली संस्था लाजत नाही.

तिथे राहून काम करायचं असेल तर काय काम आहे ते आधी नीट विचारा. चांगल्या जागी तुम्हाला शेण उचलायला, चारा तोडायला, कुंपण दुरुस्त करायला लावतात, जनावराशी लाडिगोडी करायला नाही. पहिल्याच दिवशी जनावर तुमच्या हातात देणारी जागा टाळा.

काही खटकलं तर, आणि परत आल्यावर

काही चुकीचं दिसलं तर तिथे आरडाओरडा करू नका, तुम्ही निघून गेल्यावर त्याचा राग जनावरावर किंवा खालच्या कामगारावर निघू शकतो. तारीख, वेळ, कुठे, काय दिसलं, एवढं लिहून ठेवा, लांबूनचा एखादा फोटो घ्या, आधी तिथल्या प्रमुखाला शांतपणे विचारा. उत्तर पटलं नाही तर ज्या कंपनीकडून बुक केलं त्यांना, तिथल्या पशुसंवर्धन किंवा वन खात्याला, आणि मान्यता असेल तर मान्यता देणाऱ्या संस्थेला लेखी कळवा. बुकिंग कंपन्यांवर अशा तक्रारींचा परिणाम होतो, ट्रिपअॅडव्हायझरने २०१६ मधे हत्तीच्या सवारीसारख्या गोष्टींची तिकिटं विकणं बंद करायचं जाहीर केलं ते लोकांनी मागे लागून लागूनच.

फोटो टाकताना जनावराच्या गळ्यात हात घातलेले फोटो टाळा, जरी तुम्हाला तशी परवानगी मिळाली असेल तरी, कारण बघणाऱ्याला परवानगी दिसत नाही, फक्त मिठी दिसते आणि तो पुढच्या सुट्टीत तीच मागतो. त्यापेक्षा चरणाऱ्या घोड्याचा लांबून काढलेला फोटो आणि खाली त्याची गोष्ट टाका. आणि रिव्ह्यू नक्की लिहा, नुसता "छान जागा" असा नाही. किती लांबून बघायला मिळालं, काय करू दिलं नाही, चालायचं किती होतं, व्हीलचेअर जाते का, उत्तरं मोकळेपणाने दिली का, कोणता स्लॉट चांगला, हे लिहा. जनावर दिसलं नाही आणि तरी तुम्हाला भेट आवडली असेल तर ते तर पहिल्या ओळीत लिहा, कारण तसे चार रिव्ह्यू असले की सँक्चुरीवाल्यांना एखाद्या थकलेल्या हत्तिणीला त्या दिवशी पाहुण्यांसमोर न आणणं सोपं जातं.